नाही म्हणायचे असेल, तर लेखी म्हणा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व विवाह अधिकारी
(विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये नेमलेले दुय्यम निबंधक व इतर अधिकारी)

विषय : स्वतःच्या धार्मिक श्रद्धेपोटी विवाहाची नोटीस न स्वीकारणे व लग्न लावण्यास टाळाटाळ करणे याबाबत.

महोदय / महोदया,

मी कोल्हापूर जिल्ह्यात वकिली करते. खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे या कामांसाठी तुमच्या कार्यालयांत माझी कायमची ये-जा असते. तुमच्यावर दस्तनोंदणीचा किती बोजा आहे ते मी पाहते. मार्चअखेरीला दिवेलागणीनंतरही टेबल न सोडणारे दुय्यम निबंधक मला माहीत आहेत. आंतरधर्मीय जोडप्याची नोटीस, म्हणजे लग्न करायचे आहे असे कळवणारा अर्ज, शांतपणे वाचून, "अमुक तारखेनंतर तीन साक्षीदार आणि ओळखपत्रे घेऊन या" एवढेच सांगून पोहोच हातात देणारे अधिकारीही माहीत आहेत. असे अधिकारी बरेच आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे पत्र त्यांच्या त्या सहकाऱ्यांसाठी आहे, जे अर्जावरची दोन नावे वाचतात आणि पेन खाली ठेवतात.

काय घडते ते आधी सांगते. मुलगा मुस्लीम, मुलगी हिंदू. दोघेही सज्ञान, दोघेही कमावते. वयाचे पुरावे, रहिवासाचे पुरावे, फोटो, सगळे जोडलेले. साहेबांनी अर्ज चाळला, मुलीकडे पाहिले आणि विचारले, "घरी माहीत आहे का?" ती म्हणाली, "माहीत आहे, पण त्यांना मान्य नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकल्यासवरलेल्या, असल्या भानगडीत कशाला पडता? माझ्या हातून हे पाप नको." मी म्हटले, ठीक आहे, अर्ज नाकारला असे लेखी द्या. त्यावर ते म्हणाले, "लेखी कशाला? मी कुठे नाही म्हणतोय? आज सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात या." त्याच वेळी पलीकडच्या टेबलावर एका फ्लॅटच्या खरेदीखतासाठी अंगठे घेणे चालू होते. कॅमेऱ्यात बघा, मान सरळ ठेवा, असे ऑपरेटर खरेदीदाराला सांगत होता.

पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. त्यानंतर आई-वडिलांचे संमतीपत्र मागितले गेले. ते जमणार नाही म्हटल्यावर पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला. मग, मुलीने धर्म बदलला असेल तर त्याचे प्रमाणपत्र. ती सांगत राहिली की मी धर्म बदललेला नाही, बदलायचाही नाही, म्हणून तर या कायद्याखाली लग्न करतेय. दरम्यान तिच्या घरी फोन गेला. कोणी केला हे मी सिद्ध करू शकत नाही. अर्ज मात्र त्या टेबलापलीकडे कुठेच गेलेला नव्हता. नोटीस फलकावरही लागलेली नव्हती. दोन दिवसांनी मुलीचे मामा आणि काका तिच्या ऑफिसच्या दाराशी उभे होते. ती परत आली नाही. तिचे लग्न दुसरीकडे लावून दिल्याचे पुढे कानावर आले.

ही एकाच धर्माच्या अधिकाऱ्यांची गोष्ट नाही. मुस्लीम मुलगी आणि हिंदू मुलगा समोर आल्यावर "आमच्या मजहबमध्ये हे बसत नाही" म्हणणारे अधिकारीही मी पाहिले आहेत. मुलगा मराठा आणि मुलगी बौद्ध समाजात वाढलेली असेल, तर श्रद्धेची जागा "संस्कार" घेतात. कारण बदलते, टोलवाटोलवी तीच राहते.

कायदा तुम्हाला मी शिकवावा असे नाही. तरीही कलम ४ पुन्हा एकदा समोर ठेवते, कारण सगळा वाद तिथेच मिटायला हवा. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ वर्षांची पूर्ण असावी. दोघांपैकी कोणाचे आधीचे लग्न टिकून नसावे. संमती देण्याइतके दोघे शुद्धीवर, समजते असावेत. दोघे निषिद्ध नात्यातले नसावेत. संपले. त्यात धर्म नाही, जात नाही, आई-बापांची परवानगी नाही, पोलीस पाटलाचा दाखला नाही. हरकत कोणी घेतलीच, तर तीही याच अटींपैकी एखादी मोडते आहे एवढ्याच मुद्द्यावर घेता येते, आणि तिची चौकशी करून ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. खोडसाळ हरकत घेणाऱ्याकडून १ हजार रुपयांपर्यंत भरपाई वसूल करण्याचा अधिकार कलम ९ ने तुमच्या हातात दिला आहे. तो वापरल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

धर्मांतराचे प्रमाणपत्र मागणाऱ्यांनी या कायद्याचा जन्म आठवावा. १८७२ साली पहिला विशेष विवाह कायदा झाला तेव्हा वधूवरांना लिहून द्यावे लागे की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू यांपैकी कोणताच धर्म मानत नाही. लग्नासाठी आधी आपापला धर्म नाकारायचा. १९५४ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. तिने तिचा देव ठेवावा, त्याने त्याचा अल्ला ठेवावा आणि दोघांनी संसार करावा, यासाठीच तर हा कायदा आहे. त्याच कायद्याच्या टेबलावर बसून "धर्म बदलला का?" असे विचारणे म्हणजे ८० वर्षे झगडून मिळवलेली गोष्ट दाराशीच काढून घेणे.

आता तुमच्या श्रद्धेकडे येते. ती खोटी आहे, दिखाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. सकाळी देवपूजा करून, वाटेत अंबाबाईला हात जोडून ऑफिसला येणारा माणूस खरोखरच असे मानत असेल की धर्माबाहेरचे लग्न हे पाप आहे. संविधानाचे २५ वे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य तुम्हालाही देते, खुर्चीवर बसलात म्हणून ते संपत नाही. पण या स्वातंत्र्याची हद्द कुठे येते, ते एका जुन्या निकालाच्या आधाराने पाहू. १९८५ मध्ये केरळमध्ये जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या तीन शाळकरी भावंडांनी राष्ट्रगीत म्हणायला नकार दिला. ती उभी राहात, आदर राखत, फक्त गात नसत. शाळेने काढून टाकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. ती मुले गप्प राहिल्याने दुसऱ्या कोणाचे काहीच अडत नव्हते. त्यांच्या श्रद्धेची किंमत ती स्वतः मोजत होती. तुमच्या टेबलावर तसे नाही. तिथे श्रद्धा तुमची आणि किंमत मोजते ती ऑफिसच्या दाराशी गाठली गेलेली मुलगी.

शिवाय तुमच्या हातून होते तरी काय? कलम १२ वाचा. लग्न कोणत्याही पद्धतीने करा, पण तुमच्या आणि तीन साक्षीदारांच्या समक्ष दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे तोंडाने म्हटले पाहिजे. शब्द त्या दोघांचे. तुम्ही ते ऐकता, नोंदवहीत लिहिता, सही घेता, सही करता. तुमच्याकडून मंत्र मागितलेले नाहीत, आशीर्वाद मागितलेला नाही. अटी पूर्ण झाल्या आहेत एवढीच साक्ष सरकारच्या वतीने मागितली आहे. ज्या हाताने तुम्ही दारूच्या दुकानाच्या गाळ्याचा भाडेकरार नोंदवता, मटणाच्या दुकानाचे खरेदीखत नोंदवता, त्याच हाताने ही सही करायची आहे. दारूला पाप मानणाऱ्या कोणा दुय्यम निबंधकाने असा भाडेकरार परत पाठवल्याचे मी ऐकलेले नाही. पाप फक्त त्या दोन नावांपाशी का आठवते, याचा विचार तुम्ही एकटे असताना जरूर करा.

कोल्हापुरात बसून हे पत्र लिहिताना वेदोक्त प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदांतले) मंत्र न म्हणता पुराणोक्त (पुराणांतले) म्हटले जातात, हे लक्षात आले. महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, ही भटजींची श्रद्धा. महाराजांनी राजोपाध्यांना, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांना, वेदोक्त पद्धतीने विधी करायला सांगितले. राजोपाध्यांनी नकार दिला, आणि तो त्यांच्या शास्त्राप्रमाणे प्रामाणिकच होता असे मी मानते. महाराजांनी काय केले? त्यांच्या तोंडून जबरदस्तीने मंत्र वदवून घेतले नाहीत. राजोपाध्यांचे इनाम त्या सेवेसाठी होते, आणि सेवा करायची नसेल तर इनामही राहणार नाही, असे ठरवून १९०२ मध्ये ते जप्त केले. राजोपाध्यांनी वरपर्यंत, व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली. ती फेटाळली गेली.

मला या प्रकरणातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. राजोपाध्यांचे काम धर्माचेच होते. मंत्र कोणते म्हणायचे हा प्रश्न धर्मातलाच होता. तिथे श्रद्धा आडवी येणे एक वेळ समजू शकते. तरीही पगार संस्थानचा आणि मर्जी स्वतःची, हे चालणार नाही, असे महाराजांनी सांगितले. तुमचे काम तर धर्माचे नाहीच. नोंदवही, नोटीस, दाखला, शिक्का हे तुमचे काम. मग तुमच्या बाबतीत तो न्याय किती पटीने लागू व्हावा? त्याच शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना मान्यता देणारा कायदा आपल्या संस्थानात केला. त्यांच्या फोटोखाली बसून "घरी माहीत आहे का?" विचारणारे अधिकारी याच जिल्ह्यात आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या नकाराचा खरा दोष त्यातून दिसतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यात रोवन काउंटी म्हणून एक लहानसा भाग आहे. किम डेव्हिस या तिथल्या निवडून आलेल्या काउंटी क्लार्क. लग्नाचे परवाने देणे हे त्यांचे काम. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला. डेव्हिस श्रद्धाळू ख्रिस्ती. अशा परवान्यावर आपले नाव येणे श्रद्धेविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी सगळ्यांचेच परवाने थांबवले, स्त्री-पुरुष जोडप्यांचेसुद्धा. दावा लावणाऱ्या चार जोडप्यांपैकी दोन स्त्री-पुरुषांची होती. ऑगस्टमध्ये न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी परवाने देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. तरीही खिडकीवर आलेल्यांना डेव्हिस यांनी परत पाठवले, आणि कोणाच्या अधिकाराने असे विचारल्यावर देवाच्या अधिकाराने, असे कॅमेऱ्यासमोर सांगितले. ३ सप्टेंबरला न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांची रवानगी तुरुंगात झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्या कारकुनांनी परवाने द्यायला सुरुवात केली. ८ तारखेला त्या सुटल्या.

पुढचा हिशेब असा : २०१६ मध्ये राज्याने परवान्याच्या नमुन्यावरून क्लार्कचे नाव काढले, म्हणजे श्रद्धेला लागणारी बोच तेवढी काढली आणि लोकांचे काम चालू ठेवले. २०१८ मध्ये डेव्हिस निवडणूक हरल्या. जोडप्यांच्या वकिलांचा सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास खर्च राज्याच्या तिजोरीतून गेला. २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्यातील दोघांना प्रत्येकी ५० हजार डॉलर भरपाई द्यायला सांगितली, आणि ती डेव्हिस यांनी स्वतः द्यायची होती. वर त्या खटल्याचा वकिलांचा खर्च, सुमारे २ लाख ६० हजार डॉलर. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज ऐकायलाही नकार दिला.

किम डेव्हिस यांचे म्हणणे मला पटत नाही. पण त्यांनी नकार स्वतःच्या नावाने, सर्वांसमक्ष, कारण सांगून दिला. म्हणून त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता आले, आदेश मिळाला, लोकांची लग्ने झाली, आणि कोण चूक ते ठरले. आपल्याकडच्या नकाराला तोंडच नसते. तो "सर्व्हर डाऊन"मध्ये असतो, "साहेब रजेवर"मध्ये असतो, "अजून एक कागद लागेल"मध्ये असतो. फाइलवर त्याचा मागमूस राहत नाही.

आणि इथेच माझ्यासारख्या वकिलाचे हात बांधले जातात. हरकत मान्य करून तुम्ही लग्न लावायला नकार दिलात, तर कलम ८ प्रमाणे ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. आधी झालेले लग्न नोंदवायला नकार दिलात, तर कलम १७ प्रमाणे अपील करता येते. पण अपील कशाविरुद्ध करायचे? आदेशाविरुद्ध. आदेशच नाही, अर्ज आवक झाल्याची नोंदच नाही, तर न्यायालयात मी काय जोडू? "साहेब म्हणाले" हे जोडता येत नाही. रिट याचिकेसाठी मुंबई उच्च न्यायालयात जायचे, तर घर सोडून मैत्रिणीच्या खोलीवर राहणाऱ्या मुलीकडे वेळही नसतो आणि पैसेही. ज्यांची नोटीस कशीबशी आवक झाली, त्यांचीही घडी उलटी चालते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर कलम १४ प्रमाणे ती नोटीस रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून. नोटीस फलकावर राहण्याचे ३० दिवस तर कायद्यानेच जातात. उरलेले दिवस खायला तुम्हाला नाही म्हणावेच लागत नाही, नुसते बसून राहिले तरी पुरते.

कायद्यातली एक गोष्ट मला गेली अनेक वर्षे खटकते. कलम ४६ म्हणते की नोटीस न लावता किंवा ३० दिवसांच्या आत जाणूनबुजून लग्न लावणाऱ्या विवाह अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाईने लग्न लावले तर शिक्षा. आणि लग्न अडवून धरले तर? त्यासाठी या कायद्यात एक ओळ नाही. १९५४ च्या संसदेला बहुधा वाटले असेल की अधिकारी उतावळेपणाने चूक करील. तो मुद्दाम थांबवून ठेवील हे तिच्या मनात आले नसावे. ही उणीव संसदेने भरून काढायला हवी. तोपर्यंत महाराष्ट्रात निदान दोन कायदे हाताशी आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सांगतो की अधिसूचित सेवेचा अर्ज ठरलेल्या मुदतीत मंजूर करा किंवा कारणे लेखी नोंदवून फेटाळा. विनाकारण चुकारपणा केल्यास ५०० ते ५ हजार रुपये दंड आहे. आणि ज्याला आपण सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो तो २००५ चा कायदा सांगतो की कोणतीही फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

तुमच्यापैकी काही जण खासगीत सांगतात, "मॅडम, आमच्यावर पण प्रेशर असते." ते मला मान्य आहे. नोटीस लागली की मोबाइलवर फोटो काढून नेणारे लोक असतात, संघटनांचे कार्यकर्ते टेबलाभोवती येऊन उभे राहतात. वरून सरकारही नको तो इशारा देत राहते. १३ डिसेंबर २०२२ रोजी महिला व बालविकास विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. आरडाओरड झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' वगळले आणि 'आंतरधर्मीय' ठेवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली 'लव्ह जिहाद'वर आणखी एक समिती आली. याच शासनाचा समाजकल्याण विभाग ठरावीक आंतरजातीय जोडप्यांना ५० हजार रुपये प्रोत्साहन म्हणून देतो. अशा वातावरणात खालच्या अधिकाऱ्याला वाटू शकते की आपण अडवले तर वरचे खूशच होतील. पण समिती नेमल्याने कलम ४ मध्ये नवी अट येत नाही. आणि विशेष विवाहात धर्मांतर मुळात होतच नाही, मग धर्मांतराची काळजी तुमच्या टेबलावर कशासाठी?

दबाव हे कारण असेल तर तेही लिहा. 'अमुक संघटनेचे लोक कार्यालयात आल्याने कार्यवाही करता आली नाही' असे एका ओळीत लिहिलेत, तर मी तो कागद घेऊन पोलीस अधीक्षकांकडे जाईन. मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे यांची व्यवस्था करायला सांगितले आहे. तो कागद तुमचेही रक्षण करील.

एक गोष्ट मी तुमच्याकडून मागत नाही. कायदा मोडा असे मी म्हणत नाही. ३० दिवसांची नोटीस फलकावर लावण्याची तरतूद मला अन्यायाची वाटते. धर्मातल्या धर्मात लग्न करणाऱ्याला जे सोसावे लागत नाही ते या जोडप्यांच्या माथी येते : नाव, पत्ता, वय, फोटो, सगळे भिंतीवर. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही. केरळने २०२० मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणे बंद केले, कारण त्यांचा गैरवापर होत होता. आपल्याकडेही तसे व्हावे म्हणून मी झगडेन. पण उद्या एखाद्या पुरोगामी विचाराच्या अधिकाऱ्याने, मला हे कलम पटत नाही म्हणून, नोटीस न लावताच लग्न लावले, तर त्यालाही मी चूकच म्हणेन. त्याची श्रद्धा माझ्या बाजूची असली तरी खुर्ची त्याची नाही. मात्र कायद्यात आहे तेवढेच करा. नोटीस फलकावर लावायला कायदा सांगतो, दोघांपैकी कोणी कायमचे राहणारे दुसऱ्या जिल्ह्यातले असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत पाठवायला सांगतो. घरी टपालाने पाठवा, पोलिसांमार्फत पाठवा, बापाला फोन करा, असे कुठेही लिहिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे की घरी अशी नोटीस पाठवणे कायद्याला धरून नाही आणि त्यातून जिवाला धोका होऊ शकतो.

ज्यांना खरोखरच ही सही करणे अशक्य वाटते, त्यांच्यासाठी वाट काढता येईल, आणि ती काढायला माझा विरोध नाही. जोडपे समोर उभे राहीपर्यंत थांबू नका. आधीच जिल्हा निबंधकांना लिहून द्या की हे काम मला जमणार नाही, मला फक्त दस्तनोंदणीवर ठेवा. मग त्याच इमारतीत, त्याच दिवशी, दुसरा अधिकारी उपलब्ध असला पाहिजे. जोडप्याला यातले काही कळताही कामा नये. त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागले तरी ती सवलत अपमानाची होते. जिथे दुसरा अधिकारी देणे शक्य नाही, तिथे सवलतही देता येणार नाही, आणि मग तुम्हाला त्या पदाचाच विचार करावा लागेल. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या कायद्यात समलिंगी विवाह लावण्यापासून अशी सूट सरकारी अधिकाऱ्यांना दिली होती. ती घेणारे इतके झाले की कित्येक कार्यालयांत लग्न लावणारे कोणी उरेना, आणि २०२० मध्ये ती तरतूद रद्द करावी लागली. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका निबंधक बाईंनी अशीच सूट मागितली होती. २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही.

नोंदणी महानिरीक्षकांकडे माझे मागणे याहून लहान आहे. विवाहाची नोटीस आली की त्याच दिवशी आवक क्रमांकासह पोहोच मिळावी, असे परिपत्रक काढावे. कोणते कागद लागतात त्याची यादी दर्शनी भागात लावावी, आणि त्याबाहेरचा एकही कागद मागितला तर ती गैरवर्तणूक समजावी. तोंडी नकार ही शिस्तभंगाची बाब ठरावी. घरच्यांशी परस्पर संपर्क साधलेला आढळल्यास खातेनिहाय चौकशी व्हावी. यासाठी कोणता नवा कायदा लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

या पत्राची प्रत पुण्याला महानिरीक्षकांच्या कार्यालयात पाठवली आहे. यापुढे ज्या जोडप्यांबरोबर मी तुमच्यासमोर येईन, त्यांची नोटीस दोन प्रतींत असेल. दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही द्या. देणार नसाल, तर का देत नाही ते त्याच प्रतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा आणि खाली नाव व हुद्दा लिहा. तुमची श्रद्धा हेच कारण असेल तर तेच लिहा. पुढचे आपण जिल्हा न्यायालयात बोलू.

आपली,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक वकील

प्रत : मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे